नाव, पत्ता आणि वाट

नमस्कार. एका सर्व्हिसने, म्हणजे एखादं ठरावीक काम करणाऱ्या प्रोग्रामने, पाठवलेला मेसेज दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत नेमका कसा पोचतो, याबद्दल आज बोलायचं आहे. इंटरनेट घडत होतं तेव्हा, 1978 साली, जॉन शॉक यांनी एक छोटं टिपण लिहिलं. त्यात त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या. आपल्याला काय हवंय, ते नाव. ते कुठे आहे, तो पत्ता. आणि तिथवर जायचं कसं, ती वाट. इतकी वर्षं या कामात काढल्यावर मला वाटतं, मेसेज हरवण्याचे बहुतेक घोळ या तिघांची गल्लत झाली की होतात.

सगळ्यात साधी गल्लत म्हणजे कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, थेट आयपी (मशीनचा आकडी पत्ता) लिहून ठेवणं. पेमेंट सर्व्हिसचं मशीन बदललं, कंटेनर (प्रोग्राम ज्यात चालतो तो डबा) नव्याने उठला, की तो आकडा निरर्थक होतो. नाव आणि पत्ता यांची सांगड घालायला पूर्वी एकच फाइल असायची, होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती एका ठिकाणी सांभाळली जायची आणि सगळे तिथून उतरवून घ्यायचे. मशीनं वाढली तशी ती पद्धत कोलमडायला लागली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, म्हणजे नाव विचारलं की पत्ता सांगणारी यंत्रणा. त्यात प्रत्येक उत्तरासोबत टीटीएल येतो, म्हणजे हे उत्तर किती सेकंद खरं धरायचं याची मुदत.

या मुदतीवर मी एकदा फार विसंबलो होतो. आम्ही एक सर्व्हिस नव्या मशीनवर हलवली. टीटीएल 60 सेकंदांचा होता, म्हणून पाच मिनिटं थांबलो आणि काम झालं असं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मशीनचे लॉग उघडले, तर तिथे रिक्वेस्ट येतच होत्या. कारण अगदी सरळ होतं: पाठवणाऱ्या सर्व्हिसने कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार कनेक्शनचा साठा, उघडून ठेवला होता. नाव विचारलं जातं ते नवं कनेक्शन जोडताना. एकदा जोडलं की डीएनएसला पुन्हा कोण विचारतंय? तेव्हापासून कनेक्शनलाही वयाची मर्यादा घालायची, हा माझा आग्रह आहे.

आता ब्रोकरकडे येऊ, म्हणजे मेसेज घेऊन पुढे पोचवणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रामकडे. इथे पाठवणारा कुणाचंच नाव घेत नाही. काय घडलं एवढंच सांगतो. कुणाला पाठवायचं ते ब्रोकर ठरवतो. रॅबिटएमक्यू या ब्रोकरमधला टॉपिक एक्स्चेंज घ्या, म्हणजे मेसेजवरची खूण पाहून ते वाटणारा भाग. ती खूण म्हणजे राउटिंग की, समजा ‘ऑर्डर.रद्द’. एका क्यूचं (मेसेजच्या रांगेचं) बाइंडिंग, म्हणजे तिला कोणत्या की हव्यात याचा नमुना, आहे ‘ऑर्डर.*’. यातला तारा बरोब्बर एका शब्दाची जागा घेतो, कमी नाही, जास्त नाही. पुढे कुणीतरी चांगल्या हेतूने की वाढवतो: ‘ऑर्डर.रद्द.ग्राहक’. झालं, ते बाइंडिंग आता जुळत नाही. ताऱ्याऐवजी हॅश हे चिन्ह (#) असतं तर जुळलं असतं, कारण हॅश शून्य किंवा कितीही शब्द सामावून घेतो.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. एकही बाइंडिंग जुळलं नाही तर मेसेज गुपचूप टाकून दिला जातो. पाठवणाऱ्याने पोच मागितली असेल तर पोचही मिळते, कारण ब्रोकरच्या दृष्टीने त्याचं काम संपलेलं असतं. ‘मॅन्डेटरी’ फ्लॅग लावला तरच मेसेज परत येतो. नाहीतर अशा मेसेजसाठी पर्यायी एक्स्चेंज आधीच नेमून ठेवावा लागतो. या दोन्हींपैकी काहीच नसलेली यंत्रणा चालू करायला मी परवानगी देत नाही.

काफ्का या दुसऱ्या ब्रोकरची तऱ्हा वेगळी. तिथे मेसेजच्या कीचा (समजा, ग्राहक क्रमांकाचा) हॅश काढतात; हा हॅश म्हणजे वरचं चिन्ह नव्हे, तर कीपासून ठरावीक सूत्राने काढलेला आकडा. त्याला पार्टिशनच्या, म्हणजे मेसेज साठवायच्या कप्प्यांच्या, संख्येने भागतात आणि बाकी उरेल त्या पार्टिशनमध्ये मेसेज जातो. क्रमाची हमी त्या एका पार्टिशनपुरतीच. हॅश 20 धरा. पार्टिशन 6 असताना बाकी 2 उरते. 8 केले की 4. सलग 24 हॅश तपासून पाहा, फक्त 6 जण जुन्या जागी राहतात. आधीचे मेसेज मात्र हलत नाहीत. म्हणजे त्याच ग्राहकाची ‘ऑर्डर दिली’ एका पार्टिशनमध्ये पडून आहे, ‘ऑर्डर रद्द’ दुसऱ्यात गेली, आणि रद्दची नोंद आधी वाचली जाऊ शकते. म्हणून पार्टिशन किती हवेत याचा विचार सुरुवातीलाच करा, थोडे जास्तच ठेवा.

शेवटी उत्तराचा मेसेज. आतापर्यंत मी पत्त्यापेक्षा नावाचीच बाजू घेतली. इथे उलट सांगतो. सर्व्हिसच्या तीन प्रती चालू आहेत आणि त्यातल्या एकीने प्रश्न विचारलाय. उत्तर सर्व्हिसच्या नावाच्या सामाईक क्यूमध्ये आलं, तर ते दुसरीच प्रत उचलते आणि विचारणारी ताटकळत बसते. इथे त्या एका प्रतीचा पत्ताच हवा. म्हणून ती स्वतःपुरती क्यू उघडते, त्या क्यूचं नाव मेसेजच्या ‘रिप्लाय-टू’ या रकान्यात लिहिते आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर ते कळावं म्हणून कोरिलेशन आयडी जोडते. पण ती प्रत मधेच बंद पडली की तिची क्यूही जाते, आणि मागाहून आलेल्या उत्तराला घेणारं कुणी उरत नाही. पैसे कापले गेल्याचं उत्तर असेल तर ते असं हरवून चालणार नाही. ते डेटाबेसमध्ये आधी लिहा, मग पाठवा; नवी प्रत उठली की तिला त्याच कोरिलेशन आयडीने पुन्हा विचारता आलं पाहिजे.