संत्रं गोल नसते

(दृश्य: पहाट, नागपूरचा कळमना बाजार)
आंबिया बहाराचं संत्रं कळमन्यात उतरतंय. लहान, मोठं, डागी, हिरवट. निवडणारे हात अजून माणसांचेच.

(दृश्य: हिंगणा एमआयडीसी, शेडमध्ये फिरता पट्टा)
तेच काम करणारं यंत्र इथे आकार घेतंय. वर कॅमेरा, खाली पट्टा, बाजूला फळ वळवणारे फ्लॅप.

(दृश्य: भिंत, रंगीत चिठ्ठ्या)
या भिंतीपाशी जरा थांबू. 'करायचं', 'चालू', 'झालं'. 'चालू'मध्ये ३ चिठ्ठ्या, बस. चौथी लावायची तर आधी एक उतरवा. चिठ्ठ्यांनी काम आवरतं ठेवायची ही पद्धत म्हणजे कानबान; मूळ कल्पना टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवली. सकाळची बैठक उभ्यानेच होते. खुर्च्या मुद्दाम ठेवलेल्या नाहीत.

छोट्या टप्प्यांत काम, चुकलं तर लगेच बदल: ही अजाइलची रीत. तिचा जाहीरनामा २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटात १७ जणांनी लिहिला. मंडळी सॉफ्टवेअरची. शुक्रवारी लिहिलेला कोड सोमवारी पुसता येतो. कापलेला पत्रा कसा पुसणार?

(दृश्य: संगणकाचा पडदा)
म्हणून आधी संगणकावर मॉडेल, सिसएमएल या भाषेतलं. यंत्राचे भाग आणि त्यांचे संबंध आकृत्यांत मांडणारी ही भाषा. पट्ट्याचा वेग वाढवला की त्याला जोडलेली मोटर, कॅमेरा, फ्लॅपची वेळ, सगळ्यांचा हिशेब पुन्हा तपासला जातो. फळाला मार बसू नये, ही बाजाराची अटसुद्धा इथे आहे. ती पाळली गेली का, हे दाखवणारी चाचणी तिलाच जोडलेली. सिसएमएलच्या पहिल्या आवृत्तीत (१.x) आकृत्यांचे ९ प्रकार. इथे ३ वापरतात. जी आकृती कुणी मागितली नाही, ती काढायची नाही; लीन, म्हणजे फुकटचं काम टाळायच्या पद्धतीच्या हिशेबात ते वाया गेलेलं काम. (बहुतेक ठिकाणी मॉडेल इथेच मरतं, असं आमचं मत. आकृत्या भिंतभर, आणि फिटर आपल्या वहीतल्या मापावर.)

(दृश्य: फिटर, हातात संत्रं)
"कॉम्प्युटरवर बरोबर येते भाऊ, पण संत्रं गोल कुठं असते?"

खरंच. मॉडेलमधलं संत्रं चेंडूसारखं होतं; नागपुरी फळ वरून-खालून दबलेलं. ते पट्ट्यावर घरंगळतं वेगळं. चिठ्ठी लागली. त्याच पंधरवड्यात मॉडेलमधलं फळ चपटं झालं, फ्लॅपची वेळ बदलली, आणि मगच पत्रा कटिंगला गेला.

यंत्र अजून विकलेलं नाही. निवडणाऱ्या बायांच्या रोजीचा प्रश्नही आहेच.

(दृश्य: पट्टा सुरू, फळ जवळून)
हे हिरवट आलं. कॅमेऱ्याखालून गेलं. आता फ्लॅपकडे बघा.