मे महिन्यातला झरा

मंडळी, जावळी तालुक्यातल्या एका वाडीत झऱ्यावर बसलेली एक म्हातारी मला पंधरा वर्षं झाली तरी आठवते. मेचा दुसरा आठवडा होता. डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्याच्या कड्याखाली, जांभ्या दगडाच्या भिंतीतून जिथं ओल सुटते तिथं हातभर खोलीचं कुंड केलेलं. त्यात पाणी साठायचं, ती करवंटीनं ते हंड्यात ओतायची, मग थांबायची. पाच-सहा करवंट्या काढल्या की तळाची माती दिसायची. एक हंडा भरायला तिला पाऊण तास लागला. मी भूजलाच्या नोकरीतला माणूस, हातात वही घेऊन उभा. विचारलं, "आजी, झरा कधीपासून असा झाला?" तिनं वर सड्याकडं बोट केलं. म्हणाली, "पानी वर गेलं, साहेब."

पाणी वर जात नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. पण वर सड्यावर नवं हॉटेल झालं होतं, त्याची कूपनलिका चालू होती, आणि जे पाणी जांभ्यातून झिरपत खाली तिच्या कुंडात यायचं ते आता पंपानं उचलून वरच्या टाकीत जात होतं. मी लगेच मान डोलावली नाही. पुढं दोन उन्हाळे त्या झऱ्याचं पाणी मोजलं. म्हातारीचंच खरं होतं.

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'डोंगरी पर्यटनाचं शाश्वत नियोजन' असा छापलाय. मला त्यात एकच गोष्ट सांगायची आहे. हे नियोजन कड्यावरून दिसणाऱ्या देखाव्यापासून किंवा रस्त्यापासून सुरू होऊ नये, मे महिन्यातल्या झऱ्यापासून सुरू व्हावं.

त्यासाठी आधी सडा समजून घेऊ. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास पठाराकडं निघालं की दोन्ही बाजूंना जी सपाट, काळसर-तांबूस उघडी जमीन लागते, तो सडा. माथ्यावर जांभा, त्याच्याखाली चिकणमातीचा थर आणि त्याखाली आपला नेहमीचा काळा पाषाण. जांभा सच्छिद्र असतो, मधाच्या पोळ्यासारखा. पावसाळ्याचे चार महिने तो पाणी पितो. चिकणमाती ते पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीपर्यंत येतं आणि जिथं जांभा संपतो तिथं झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या वाड्या बघा, बहुतेक त्याच उंचीवर वसलेल्या आहेत. पूर्वजांनी जागा निवडली ती पाणी बघून. जुन्या महाबळेश्वरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांच्या उगमावर पंचगंगेचं देऊळ बांधलं, त्याच्यामागं हीच समज आहे. झऱ्यावर देव बसवला की त्याच्या वर कुणी घाण करत नाही.

आता सातबारा काढा. या सड्याची नोंद काय सापडते? पोटखराबा. पिकत नाही म्हणून खराब. ज्या जमिनीवर खालच्या चार वाड्यांचं पिणं अवलंबून आहे, ती आपल्या दप्तरात खराब जमीन आहे! आणि खराब म्हटल्यावर ती स्वस्तात विकली जाते. घेणाऱ्याला तर तिथून सूर्यास्त दिसतो. सगळ्या कहाणीचं मूळ मला या एका शब्दात दिसतं.

सड्यावर बांधकाम झालं की तीन गोष्टी होतात. काँक्रीट आणि फरशीखाली गेलेला जांभा पाणी पीत नाही. कूपनलिका साठलेलं पाणी आधीच ओढून घेते. तिसरी गोष्ट फार कमी लोक बोलतात, ती मैल्याची. ज्या भोकांतून पावसाचं पाणी खाली जातं त्याच भोकांतून शोषखड्ड्यातलं पाणीही जातं. वरच्या खोलीतला पाहुणा बाटलीचं पाणी पितो. त्याच्या संडासाचं पाणी खाली कुणाच्या कुंडात उतरतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो वाईट माणूस नसतो. त्याला माहीतच नसतं.

हिशेब करून दाखवतो, कारण हिशेबाशिवाय हे बोलणं हवेत राहतं. समजा एका वाडीच्या झऱ्यावर मे महिन्यात १५ लिटरची बादली एका मिनिटात भरते. चांगला झरा म्हणायचा. दिवसाचे १४४० मिनिटं, म्हणजे २१,६०० लिटर, तेही रात्रीचं पाणी हौदात साठवलं तर. वाडीत ३०० माणसं. जलजीवन मिशननं माणशी ५५ लिटर धरलेत, त्याचे झाले १६,५००. गुरं ८०, प्रत्येकी ४० लिटरनं ३,२००. राहिले १,९०० लिटर. हॉटेलातल्या पाहुण्याला रोज १८० लिटर लागतात असं बांधकामाची मानकं सांगतात. भागून बघा. दहा पाहुणे. पोहण्याचा तलाव नाही, हिरवळ नाही, चादरी धुणं नाही, तरी दहा.

हा दहाचा आकडा म्हणजे त्या वाडीचा पर्यटन आराखडा. बाकी सगळं त्याच्या पोटात बसवायचं.

कुणी म्हणेल, मग धंदा कसा व्हायचा? होतो. आपल्याकडं पाऊस कमी नाही. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि ५ हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या छपरावर वर्षाला ५ लाख लिटर पाणी पडतं. महाबळेश्वरात तर याहून जास्त पडतो. त्यातलं लाखभर लिटर जरी झाकलेल्या टाकीत धरलं, तरी एप्रिल-मेमधला मोठा भार उतरतो. पाहुण्यानं पाहुण्याच्या छपराचं पाणी प्यावं, वाडीच्या झऱ्याला हात लावू नये. बांधकामाचा परवाना देताना ही एक अट घातली आणि टाकी बघितल्याशिवाय वापराचा दाखला दिला नाही, तर पुष्कळ भांडणं उभीच राहणार नाहीत.

यात नवीन काही नाही, कायद्यातही आहे. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं, तेव्हाच्या अधिसूचनेत झऱ्यांची पाणलोट क्षेत्रं शोधून त्यांचं रक्षण आराखड्यात आणावं असं म्हटलंय. पंचवीस वर्षं होऊन गेली. मेच्या सुट्टीत वेण्णा तलावाच्या रस्त्यावर तासन् तास उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर शहराची वस्ती होती १३ हजारांच्या आसपास. नळ, गटार, रस्ता यांची मापं त्या वस्तीची, आणि सुट्टीत येणारी माणसं तिच्या कैक पट. मला गर्दीचा राग नाही. मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत वर्ष काढणाऱ्या माणसाला चार दिवस थंड हवा मिळावी, हा त्याचा हक्कच आहे. राग आहे तो मोजमाप न करता बोलावण्याचा.

माथेरानचं उदाहरण मला नेहमी विचारलं जातं. दस्तुरी नाक्यापुढं खासगी मोटार जात नाही, आणि तरी माथेरान ओस पडलेलं नाही. उलट गाडी नाही म्हणूनच लोक जातात. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर गेली, मोटारीला मज्जाव राहिला आणि २००३ साली तेही संवेदनशील क्षेत्र झालं. बंधन लवकर घातलं की व्यवसाय त्याच्या भोवती आकार घेतो. उशिरा घातलं की सगळे कोर्टात. पण माथेरानकडून दुसरंही शिकायला हवं. त्या गाडीमुक्त गावात माणसं माणसांना हातरिक्षात बसवून लाल मातीच्या चढावर ओढत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांत ही पद्धत बंद करा, त्या माणसांचं पुनर्वसन करा असं सांगितलं. झाडं वाचली आणि माणूस जनावरासारखा जुंपला गेला, तर त्याला मी टिकाऊ पर्यटन म्हणणार नाही.

आता घरचं, कासचं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली. महाराष्ट्रातली त्यातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. कासला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गुराख्यांशिवाय कुणी नसायचं. ऑगस्टअखेरीला सड्यावर गुडघे टेकून बसा आणि वीतभर जागेकडं नुसतं बघा. मातीचा थर बोटभर. त्यात निळी-जांभळी सीतेची आसवं. ही वनस्पती मुळांसारख्या तंतूंवरच्या बारीक फुग्यांनी पाण्यातले बारीक जीव पकडून जगते, कारण त्या मातीत पोषण जवळजवळ नाही. शेजारी पांढरे गेंद, बाजूला दवबिंदू नावाच्या रोपाची लाल केसाळ पानं, डबक्यात वायतुरा. ही झाडं गरिबीवर जगायला शिकलेली आहेत. तिथून एक मोटार गेली तर चाकोरीतली माती धुऊन जाते, आणि तो पट्टा मी पुढं कितीतरी पावसाळे रिकामा बघितलाय.

कासवर गर्दी आवरायला शुल्क आलं, आगाऊ नोंदणी आली, दिवसाला ३ हजारांची मर्यादा आली. आजूबाजूच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती हे काम बघते, गावातली पोरं मार्गदर्शक म्हणून उभी असतात. हे चांगलं झालं आणि ते मोठ्यानं सांगायला हवं. फुलांभोवती घातलेल्या कुंपणावरून मात्र वाद झाला. गुरं चरायची थांबली तर गवत माजतं आणि बुटकी फुलं दबतात, असं गुराखी सांगत होते. मी त्यांच्या बाजूचा आहे. चराई त्या फुलांच्या वाढीचा भाग आहे, आणि गुराखी तिथला पहिला राखणदार.

पण ३ हजारांची मर्यादा फुलांच्या पट्ट्याला आहे. रस्त्याला नाही, मुक्कामाला नाही. फाटकातून आत जाणारी माणसं आपण मोजतो, फाटकाबाहेरच्या खोल्या मोजत नाही. कासच्या रस्त्यावर काय काय उभं राहिलं आणि त्यांच्या परवान्यांचे वाद कसे चालले, हे सातारकरांना मी सांगायला नको. तुमच्यातल्या पुष्कळांच्या नळाला कास तलावाचं पाणी येतं. तो तलाव याच सड्यांच्या ओंजळीत आहे, एवढं फक्त लक्षात ठेवा.

नवं गिरिस्थान उभारायच्या 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाबद्दल बोललो नाही तर तुम्ही म्हणाल, घाबरला. नाही घाबरत. साताऱ्याच्या पश्चिमेची २३५ गावं आधी त्यात घेतली, पुढं आणखी गावांची भर पडली, आणि नियोजनाचं काम रस्ते विकास महामंडळाकडं आहे. प्रारूप आराखड्यावर हरकती मागवल्या तेव्हा मी एका गावच्या सभेला होतो. एक तरुण उठला. त्याचे वडील नवी मुंबईत माथाडी, आजोबाही माथाडी. तो म्हणाला, "काका, तुम्ही झरे वाचवा. पण आम्ही किती पिढ्या बोऱ्या उचलायच्या? इथं काही झालं तर मी परत येईन." सभा गप्प झाली. मलाही काही सुचलं नाही.

त्या मुलाला उत्तर दिल्याशिवाय झऱ्याची भाषा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. कोयनेच्या धरणानं याच मुलखातल्या गावांना उठवलं. वीज राज्याला गेली आणि वरच्या वाड्या कितीतरी वर्षं अंधारात राहिल्या. त्यांना पुन्हा 'थांबा, निसर्ग आहे' असं शहरातल्या माणसानं सांगायचं, हे मला पटत नाही.

पण जमीन विकून त्या मुलाला काय मिळतं? पैसे एकदा मिळतात. मग त्याच जमिनीवरच्या हॉटेलात तो रखवालदार. मी त्याला नंतर घेऊन भिलारला गेलो. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं ते स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. नवं हॉटेल न बांधता लोकांच्या घरात, पडवीत, देवळात, शाळेत अशा २५ ठिकाणी पुस्तकं ठेवली. माणूस येतो, कुणाच्या तरी ओसरीवर वाचत बसतो, स्ट्रॉबेरी घेतो, जेवतो. भिलारलाही अडचणी आहेत, पण जमीन कुणाची? गावकऱ्याची. तो मुलगा एका घरात दोन तास बसला, आणि त्या घरच्या माउलीला दिवसाला किती ताटं जातात याचा हिशेब विचारत राहिला. मला बरं वाटलं.

म्हणून माझं म्हणणं असं की मुक्कामाच्या खोल्या गावठाणात असाव्यात, गावकऱ्याच्या घरात किंवा त्याच्या नावावर. सडा मोकळा. आणि त्या वाडीत किती पाहुणे, हे ग्रामसभेनं झरा मोजून ठरवावं, दर पाच वर्षांनी पुन्हा मोजावं. झरा वाढला तर खोल्या वाढतील. मग पाणी मुरवायचे चर खणायला, सडा राखायला, वणवा विझवायला गाव स्वतःहून जाईल, कारण त्यात त्याची मिळकत आहे.

डोंगरउताराबद्दल थोडंच बोलतो. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटणमधलं आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि खाली महाडमधलं तळिये दरडीखाली गेलं. असा पाऊस पुन्हा येणार नाही असं कोणता नियोजनकार सांगेल? डोंगराचा पायथा कापून रस्ता रुंद करायचा आणि त्या कापाच्या वर खोल्या काढायच्या, याला परवानगी देणाऱ्या प्रत्येकानं एकदा मिरगावला जाऊन उभं राहावं.

आता कामाचं बोलतो. वळीव अजून पडलेला नाही, म्हणजे झरे आत्ता सर्वांत खाली आहेत आणि मोजायला हेच दिवस योग्य. येत्या रविवारी आम्ही सात-आठ जण जावळीतल्या वाड्यांवर जातोय. पहिला झरा त्या आजींच्या वाडीतला. त्या आता नाहीत, त्यांची सून पाणी भरते. पहाटे पाचला निघायचं, कारण बायका भरायला येण्याआधी मोजलं तर त्यांचा खोळंबा होत नाही. ज्यांना यायचंय त्यांनी खाली जिन्यापाशी माझ्याकडं नाव द्यावं. सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक वही आणा. पंधरा लिटरच्या बादल्या माझ्याकडं चार आहेत.