निकी वुडचा कोट

मंडळी, 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही मालिका अमेरिकेत १९९७ ते २००३ अशी सात पर्वं चालली. तिची नायिका बफी ही स्लेअर, म्हणजे व्हॅम्पायर मारण्यासाठी निवडली गेलेली मुलगी. तिच्या चाहत्यांमधलं एक भांडण काही मिटत नाही: बफीला शोभतो कोण, एंजल की स्पाइक? दोघंही व्हॅम्पायर, दोघांनीही मुडदे पाडलेले, दोघंही पुढे सुधारलेले. मला त्या भांडणात पडायचं नाही. माझं लक्ष जातं ते या दोघांनी ज्यांची माणसं मारली त्यांच्याकडे. पापक्षालनाची गोष्ट रंगवताना मालिका त्यांना कसं वागवते, यावरून मी तिची पारख करतो.

एंजलपासून सुरुवात करू. मालिकेचा नियम असा, की माणूस व्हॅम्पायर झाला की त्याचा आत्मा जातो आणि देहात राक्षस राहायला येतो. एंजल जवळजवळ दीडशे वर्षं असा मोकाट होता. १८९८ मध्ये त्याने एका जिप्सी टोळीतली मुलगी मारली. टोळीने त्याला ठार केलं नाही. त्याचा आत्मा परत दिला. म्हणजे केलेलं एकूणएक आता टोचत राहणार. शापात वर मेख मारून ठेवली: क्षणभर जरी निर्भेळ सुख मिळालं, तरी आत्मा पुन्हा जाईल. याने सुधारावं असं टोळीला वाटतच नव्हतं, तळमळत राहावं एवढंच हवं होतं. तो सुखी झाला तर पुन्हा दुसऱ्यांच्या मुली मारेल, हा विचार त्यांनी केला नाही. सुडाने पेटलेल्याला बाकीच्यांचं काय पडलेलं असतं?

एंजल आणि बफी प्रेमात पडतात, तिच्या सतराव्या वाढदिवसाच्या रात्री त्याला ते सुख मिळतं आणि ती मेख लागू होते. प्रेम हेच पापाला कारण, असा हा उलटा पेच.

याच टोळीने एंजलवर नजर ठेवायला पाठवलेली जेनी कॅलेंडर बफीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शापाचा हरवलेला विधी ती खपून पुन्हा जुळवते आणि फ्लॉपीवर उतरवून ठेवते. त्याच रात्री एंजल तिला मारतो. बफीचा गुरू जाइल्स आणि जेनी यांचं नुकतंच कुठे पुन्हा जुळत होतं. जाइल्स घरी येतो तर दाराला गुलाब, आत ऑपेराचं संगीत, जिन्यावर पाकळ्या. तो हातात शँपेन आणि दोन ग्लास घेऊन, हसतमुखाने वर जातो. पलंगावर जेनीचं प्रेत मांडून ठेवलेलं असतं. आणि फ्लॉपी? ती टेबलाच्या फटीत पडलेली असते, कोणाच्या लक्षातही येत नाही.

पर्वाच्या शेवटी ती सापडते आणि बफीची मैत्रीण विलो विधी करायला घेते. तिकडे एंजल जगाचा घास घेणारं दार उघडायला निघालेला. विलो निरोप देते, 'मी प्रयत्न करतेय, बफीला सांग.' बफीचा मित्र झँडर तो निरोप पोचवत नाही. उलट विलोने एंजलला बडवायला सांगितलंय, असं ठोकून देतो. खोटं का बोलला? बफीचा हात कचरला तर सगळे मरतील म्हणून, की त्याचा स्वतःचा तिच्यावर जीव होता म्हणून? मला विचाराल तर दोन्ही. आत्मा परत येतो तो दार उघडल्यावर, आणि ते बंद होणार फक्त एंजलच्या रक्ताने. बफी त्याला डोळे मिटायला सांगते आणि तलवार खुपसते. तो दारापलीकडच्या नरकात ओढला जातो. या प्रसंगावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मी पुढे जातो.

मला महत्त्वाचा वाटतो तो तिसऱ्या पर्वातला प्रसंग. एंजल नरकातून परत येतो आणि बफी त्याला लपवून ठेवते. हे उघडकीला आल्यावर जाइल्स ओरडत नाही. त्याने माझा तासन्‌तास छळ केला, निव्वळ मजेखातर, याची आठवण करून देतो आणि तुला माझ्याबद्दल आदर नाही, असं सांगतो. पुढे एंजल मदत मागायला त्याच्या दारात येतो तेव्हा जाइल्स आत जाऊन बाण लावलेलं क्रॉसबो घेऊन येतो आणि मग त्याला घरात घेतो. मदत करतो, पण नेम धरूनच. माफीचा आव नाही, सूडही नाही. इतका प्रामाणिक प्रसंग मालिकेत दुसरा नाही.

आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी होतो. रांजणात किती खडे होते हे आपण कौतुकाने सांगतो. त्या खड्यांच्या घरच्यांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. या मालिकेने निदान जाइल्सपाशी ते विचारलं.

स्पाइकपाशी मात्र ती गडबडते. त्याला कोणी शाप दिला नाही. सहाव्या पर्वात तो बफीवर बळजबरीचा प्रयत्न करतो आणि त्यानंतर आफ्रिकेत जाऊन, कठोर परीक्षा देऊन, स्वतःहून आत्मा मिळवतो. म्हणून चाहते म्हणतात, हाच खरा पश्चात्ताप. मुद्दा बिनतोड आहे. त्या अत्याचाराची माफी द्यायची की नाही, हा हक्कही सर्वस्वी बफीचा.

पण त्याचा तो लांब काळा चामड्याचा कोट आठवा. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याने निकी वुड या स्लेअरला मारलं आणि तो कोट तिच्या अंगावरून काढून घेतला. सातव्या पर्वात तिचा मुलगा रॉबिन बफीच्या शाळेचा मुख्याध्यापक होऊन येतो. भिंतीभर क्रूस लावलेल्या खोलीत तो स्पाइकला गाठतो. तोवर बफीला स्मशानात बोलण्यात गुंतवून कोण ठेवतं? जाइल्स! ज्याची जेनी गेली तोच. स्पाइक रॉबिनला लोळवतो, जिवंत सोडतो, पण दिलगिरीचा एक शब्द काढत नाही. ती स्लेअर, मी व्हॅम्पायर, खेळच तसा होता, एवढंच त्याचं म्हणणं. आत्मा मिळालेला असताना! आणि कोट घालूनच बाहेर पडतो. वर बफी रॉबिनलाच दम देते, पुन्हा असं केलंस तर तो तुला मारेल आणि मी मारू देईन.

स्पाइक आपला सर्वांत ताकदवान योद्धा आहे, हे तिचं कारण लढाईपुरतं चूक नाही. पुढे जग वाचवताना तो जळून जातो, तेही खरं. पण त्याने रॉबिनचं देणं कसं फिटलं? जगाचे उपकार एका खात्यात आणि आईचा खून दुसऱ्या, असे हिशोब एकमेकांत वळते होत नाहीत. लेखकांना हे कळत होतं, नाहीतर त्यांनी रॉबिनला आणलाच नसता. आणून मग त्याला गप्प का बसवलं, याचं उत्तर मला वाटतं साधं आहे: स्पाइक तोवर फार लाडका झाला होता.

नंतर 'एंजल' या जोडमालिकेत स्पाइक परत येतो, कोटासकट. तिथे रोममधल्या एका भागात त्या कोटाची वाट लागते, त्याला नवा मिळतो, आणि हे सगळं विनोद म्हणून घेतलेलं आहे.