लाल डोळा, आतला ठणका

नमस्कार श्रोतेहो.

डोळा लाल झाला की आपल्याकडे निदान घरातच होतं. "डोळे आलेत, जातील दोन-चार दिवसांत." पावसाळ्यात ते बहुतेकदा खरंही असतं, २०२३च्या जुलैत आळंदीत हीच साथ पसरली होती. मी मात्र बोलणार आहे युव्हायटिसच्या एका प्रकाराबद्दल. यात बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजतो, तोही अचानक. मला हे दुखणं अधूनमधून गाठतं.

डोळे आले की खुपतं, चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात. इथे चिपडं नाहीत. असतो तो ठणका, थेट भुवईपर्यंत चढणारा. उजेड सोसवत नाही. दुखरा डोळा तळहाताने झाकून चांगल्या डोळ्याने ट्यूबलाइटकडे पाहिलं, तरी कळ झाकलेल्या डोळ्यातच येते. दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात आणि सुजलेला पडदा ओढला जातो, म्हणून. हे घरच्यांना सांगितलं तर ते आधी हसतात.

हा आजार असा संसर्गाने पसरत नाही. तरी लोक टॉवेल वेगळा ठेवतात, बसमध्ये सरकून बसतात. घरात गॉगल लावून बसलेल्या माणसाला "काय हो हीरो" ऐकावं लागतं. ठणक्यापेक्षा याचीच चिडचिड जास्त होते, निदान माझी तरी.

उपचारही सोपा नाही. सुरुवातीला स्टिरॉइडचे थेंब बहुधा तासातासाला. जोडीला बाहुली मोठी करणारे थेंब, कारण सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो. त्या थेंबांनी जवळचं पुसट दिसतं. तांदूळ निवडता येत नाहीत, मोबाइलवरचा मेसेज दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. रेडिओ तेवढा उरतो! ठणका थांबला की बाटली कपाटात ठेवावीशी वाटते, पण औषध आठवडे-आठवडे हळूहळू कमी करायचं असतं. एकदम तोडलं की सूज उलटते.

डोळ्यांचे डॉक्टर कंबरेबद्दल विचारतात तेव्हा गोंधळू नका. अचानक उद्भवणाऱ्या या प्रकारात जवळपास निम्म्या रुग्णांत एचएलए-बी२७ हा जनुक सापडतो, आणि त्याचं नातं मणक्याच्या संधिवाताशी आहे. सकाळी पाठ आखडत असेल तर आवर्जून सांगा. आपल्याकडे टीबीचीही तपासणी करतात. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

डोळा निवळला तरी धास्ती जात नाही. सकाळी उठल्याबरोबर आरसा. जरा लाली दिसली की पोटात गोळा. तोंडावर आलेलं लग्न, परीक्षा, पेरणी सगळं डोळ्यापुढे येतं. "डोळा जाईल का?" हे रात्री स्वतःला शंभरदा विचारलेलं असतं, डॉक्टरांसमोर मात्र तोंडातून निघत नाही. विचारा. वेळेत उपचार झाले तर बहुतेकांची नजर चांगली राहते.

याच धास्तीपोटी माणूस मागच्या खेपेची उरलेली बाटली काढतो, किंवा मेडिकलवाल्याकडून थेंब आणतो. डोळ्यात नागिणीसारख्या विषाणूची जखम असेल तर स्टिरॉइडने ती चिघळते. मनाने फार दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. मध आणि एरंडेलही नको.

ठणका, उजेडाचा त्रास आणि धूसर नजर, यातलं काही लालीसोबत असलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. आणि एकदा होऊन गेलं असेल तर, पुन्हा रविवारी किंवा सणासुदीला उठलं तर फोन कुणाला करायचा, हे पुढच्या तपासणीलाच विचारून कागदावर लिहून ठेवा.

नमस्कार.