शाळा सुटल्यानंतरचे दोन तास : आभार आणि हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

बडोदे शहरातल्या काही शाळांमधून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि शाळा संपवून पुढे काय करायचे या प्रश्नापाशी थांबलेल्या तरुणांसाठी, आमची एक लहानशी संस्था काम करते. सरत्या शैक्षणिक वर्षात शाळांमधून कोणते उपक्रम झाले हे सांगावे आणि ज्यांच्या आधाराने ते झाले त्या बडोदेकरांचे आभार मानावेत, यासाठी मी आज आपल्याशी बोलते आहे. आभाराच्या भाषणात नावांची यादी वाचण्याचा प्रघात आहे. तो मी आज पाळणार नाही. एक तर आमच्या बहुतेक साहाय्यकांनी नाव न घेण्याच्या अटीवरच मदत केली आहे, आणि दुसरे असे की, आपण दिलेल्या वस्तूचे किंवा वेळेचे पुढे काय झाले हे देणाऱ्याला कळले नाही तर मानलेले आभार अर्धेच राहतात, असे मला वाटते. म्हणून यादीऐवजी हिशेब देते, आणि त्यात जे फसले तेही सांगते.

आमच्या कामाचा कणा म्हणजे पुस्तकांच्या पेट्या. ही कल्पना आमची नव्हे, याच गावची आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मात्र सक्तीचे वय मुलग्यांसाठी बाराव्या आणि मुलींसाठी दहाव्या वर्षी संपत असे, आणि शाळा सोडल्यावर हाती वाचायला काही आले नाही तर शिकलेली अक्षरेही पुसली जातात, हे लवकरच ध्यानात आले. त्यातून ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली. १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना महाराजांनी बडोद्यात आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि त्याच्याबरोबर फिरती ग्रंथालयेही. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवल्या जात आणि वाचकाला त्यासाठी काहीही द्यावे लागत नसे. आपल्या शहरात सयाजीरावांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाची बाग आणि विद्यापीठ आहे. पण मला त्यांची सर्वांत मोठी आठवण त्या पेटीची वाटते.

आमच्या पेट्या पत्र्याच्या आहेत. ज्याला आपण ट्रंक म्हणतो, त्या. महिनाभर एक पेटी एका शाळेत राहते आणि शाळा सुटल्यानंतरच्या दोन तासांत ती उघडते. किल्ली सातवीतल्या एखाद्या मुलीकडे किंवा मुलाकडे असते आणि नोंदवही तेच ठेवतात. शिक्षकांनी नोंदवही तपासायची नाही, हा नियम आम्ही मुख्याध्यापकांकडून मागून घेतला, आणि तो त्यांनी पाळला, याबद्दल त्यांचे पहिले आभार.

सुरुवातीला मात्र आमचे चुकलेच. "घरातली जुनी पुस्तके द्या", असे आवाहन आम्ही केले आणि लोकांनी ते मनापासून ऐकले. परिणामी आमच्याकडे दहावीची जुनी गाइडे, औषध कंपन्यांच्या डायऱ्या, बांधणी सुटलेले दिवाळी अंक आणि मोठ्यांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या यांचा ढीग लागला. देणाऱ्याला नाही म्हणण्याचा संकोच वाटला म्हणून आम्ही त्यातलेच बरे पाहून पेट्या भरल्या. पहिल्या आठवड्यात मुलांनी पेटी उचकली आणि दुसऱ्या आठवड्यात तिचे झाकणही कोणी उघडले नाही. मुले शिष्टाचार पाळत नाहीत, हे त्यांचे मोठे उपकार असतात.

त्यानंतर दांडिया बाजार परिसरातल्या काही निवृत्त शिक्षिकांनी निवडीचे काम अंगावर घेतले. दर शनिवारी दुपारी त्या एका घराच्या ओसरीवर जमतात आणि प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान मोठ्याने वाचून पाहतात. ते पान ऐकणाऱ्या बाकीच्या बायकांनी "पुढे काय झाले?" असे विचारले, तर पुस्तक पेटीत जाते, कोणी चहाचे नाव काढले, तर ते बाजूला पडते. याहून शास्त्रशुद्ध कसोटी मला सुचलेली नाही. या ओसरीवरून मराठी, गुजराती आणि हिंदी अशी तिन्ही भाषांची पुस्तके एकाच पेटीत जातात, कारण आमच्या वर्गातली मुले तिन्हींत वावरतात.

याच भाषांच्या सरमिसळीतून एक उपक्रम निघाला, त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. बडोद्यातली बरीच मराठी मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. अशा एका मुलाने आम्हाला मराठीत लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी आणून दिली. शब्द सगळे मराठी होते, पण एकाही अक्षरावर शिरोरेखा नव्हती, आणि ख, ज, ब ही अक्षरे गुजराती वळणाची होती. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. त्यामुळे त्या मुलाच्या दृष्टीने डोक्यावरची रेघ ही अनावश्यक मेहनत होती. त्याला चूक दाखवण्यापेक्षा लिहायला काही कारण द्यावे, असे ठरले आणि "आजीची वही" सुरू झाली. मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या आजीआजोबांकडून एक आठवण ऐकायची, ती त्यांच्याच शब्दांत उतरवायची, आणि मग ती त्यांना वाचायला द्यायची. आजींनी शिरोरेखेवाचून वाचायला साफ नकार दिला आणि आमचे काम परस्पर झाले. या वह्यांमध्ये खंडेराव मार्केटातल्या भाजीचे जुने भाव आहेत, गणपतीत सुरसागराच्या काठी हरवून पुन्हा सापडलेल्या एका भावाची हकीगत आहे, आणि सासरी येऊन गुजराती शिकताना झालेल्या फजित्या तर पानोपानी आहेत. वह्यांसाठी कागद एका छापखान्याने दिला. छपाईनंतर कापून उरलेल्या पट्ट्या ते रद्दीत घालत असत. त्या एका मापाच्या कापून, शिवून त्यांनी आमच्याकडे पाठवल्या. या वह्या आज मुलांच्या घरी आहेत, कपाटात नीट ठेवलेल्या आहेत, आणि त्यांतल्या एक आजी आता हयात नाहीत, हे त्या छापखान्याच्या मालकांना कळावे म्हणून सांगितले.

आता चष्म्यांची गोष्ट. एक मुलगी वाचनाच्या तासाला कायम मागे बसायची आणि पुस्तक मागायची नाही. तिला वाचनाची आवड नाही, असे आम्ही ठरवून टाकले होते. एकदा फळ्यावरचे गाणे सगळ्यांनी उतरवून घेतले, तेव्हा तिच्या वहीत शेजारणीची एक चूक जशीच्या तशी आलेली दिसली, आणि मग उलगडा झाला की ती फळा बघतच नव्हती, शेजारणीची वही बघत होती. शाळांमधून सरकारी आरोग्य तपासणी होते आणि ती उपयोगी असते. पण त्या दिवशी मूल गैरहजर असले की ते राहून जाते. रावपुऱ्याकडचे चष्म्याचे एक दुकानदार आमच्या विनंतीवरून शाळेत आले. त्यांनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला, सहा मीटरवर खडूने रेघ ओढली, आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावायचे कसे, हे आमच्या कार्यकर्त्यांना शिकवले. ज्यांना अक्षरे दिसली नाहीत त्यांना डॉक्टरांकडे पाठवले, आणि चष्मे त्या दुकानदारांनी बनवून दिले. फ्रेम मात्र मुलांनी स्वतः निवडायची, असा त्यांचा आग्रह होता, कारण मनाविरुद्धचा चष्मा दप्तरातच राहतो, हे त्यांना धंद्यामुळे माहीत होते. ती मुलगी आता पुढे बसते आणि पुस्तके परत करायला उशीर करते, अशी तिच्याविरुद्ध तक्रार आहे.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हाची हकीगत या वर्षाची नाही, पण तिचे ऋण अजून फिटलेले नाही. आमच्या काही पेट्या तळमजल्यावरच्या खोलीत, जमिनीवर ठेवलेल्या होत्या. त्या उंचावर ठेवायला हव्या होत्या. तो निष्काळजीपणा आमचा. पाणी ओसरल्यावर झाकणे उघडली तेव्हा आत गढूळ लगदा आहे, असेच वाटले. मांडवीजवळ पुस्तकबांधणीचे काम करणारे एक गुजराती गृहस्थ आले, त्यांनी एक पुस्तक हातात घेऊन बोटांनी दाबले आणि आपल्या बडोदेकर मराठीत म्हणाले, "बेन, चोपड्या भिजल्यात, अजून मेल्या नाहीत. पंखा लावा, ऊन दाखवू नका."

पुढचे तीन दिवस त्यांचे दुकान बंद होते, कारण ते आमच्याकडे होते. पुस्तक उघडून उभे करायचे, दर काही पानांमागे कोरा शोषक कागद घालायचा, तो भिजला की बदलायचा आणि हवा खेळती ठेवायची. उशीर झाला तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि कडक उन्हात पाने वेडीवाकडी होतात. आसपासच्या सोसायट्यांमधल्या बायकांनी आपली घरे अजून चिखलात असताना पाळ्या लावून कागद बदलले. यात एक गोष्ट मला अजून बोचते. साध्या, खरबरीत कागदावरची स्वस्त पुस्तके बचावली. मात्र गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रांची पुस्तके, जी सर्वांत लहान मुलांची होती आणि सर्वांत महागही होती, ती वाळताना विटेसारखी चिकटून बसली आणि टाकून द्यावी लागली. त्यांची भरपाई पुरती झालेली नाही. बचावलेल्या पुस्तकांच्या पानांवर तपकिरी पाणरेषा राहिली आहे. मुले तिला "विश्वामित्रीची सही" म्हणतात आणि तीच पुस्तके जास्त मागतात.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, आणि त्याचा दुसरा दिवस, ज्याला वासी उत्तरायण म्हणतात, तो संपल्यावर झाडांना आणि तारांना लटकलेला मांजा काढण्याचे काम आठवी-नववीच्या मुलांनी केले. विजेच्या तारांना हात लावायचा नाही, हे अर्थातच आधी बजावलेले होते. काचेची पूड लावलेला दोरा पतंग कटल्यावरही फांद्यांत राहतो आणि आठवडेच्या आठवडे पाखरांचे पंख कापत राहतो. एका सुतारांनी बांबूंच्या टोकांना आकडे बसवून दिले आणि एका शिंप्याने जाड कापडाचे हातमोजे शिवून दिले. एखादे पोते भरेल अशी मुलांची अटकळ होती. पोती तीन भरली. ती उचलून न्यायला आलेले रिक्षावाले भाई, जे आमच्या पेट्याही शाळाशाळांतून नेतात, त्यांनी भाड्याचे नाव काढू दिले नाही, आणि पावती पुढे केली तर म्हणाले, "आधी हा दोरा बाजूला करा, चाकात अडकेल."

नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या धोरणात, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम पाहावे, अशी सूचना आहे. आमच्या शाळांनी त्यांतले काही दिवस आमच्याकडे सोपवले. १८९० साली ज्या गावात कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची संस्था निघाली आणि जिथे शिकून गेलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे चित्रपट काढला, त्या गावात हाताच्या कामाला कमी लेखण्याची सवय कुठून आली, हे मला कळत नाही. काही पालकांनी "मुलांना दुकानात कशाला पाठवता?" असे विचारलेही. पण हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिराने भाता उघडून सूर कुठून निघतो हे दाखवले, तेव्हा त्या पालकांपैकी दोघे खिडकीत उभे राहून पाहत होते.

मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात सांगते. आयटीआय आणि महाविद्यालयाचे अर्ज आता ऑनलाइन भरावे लागतात, आणि जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज अडतो. विद्यापीठातले काही विद्यार्थी संध्याकाळी बसून हे अर्ज भरून देतात. काम कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र चांगले येत नाही, आणि म्हणूनच त्यांचे आभार मी वेगळे मानते.

पैशांच्या रूपाने ज्यांनी मदत केली त्यांचा हिशेब दरवर्षीप्रमाणे लेखापरीक्षकांकडून तपासून घेतला जाईल, आणि तो आमच्या खोलीत कोणालाही पाहता येईल. पावती मिळाली नसेल तर ती संकोच न करता मागून घ्यावी. पावतीची मागणी हा अविश्वास आहे, असे आम्ही मानत नाही.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पेट्या पुन्हा भरायच्या आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके हवी आहेत. ती जुनी चालतील, पण आपल्या घरातल्या मुलाने ती आवडीने वाचलेली असावीत. पेट्या ठेवण्यासाठी भिंतीत बसवायच्या फळ्या हव्या आहेत, जमिनीपासून निदान छातीइतक्या उंचीच्या. आणि दोन पेट्यांची कुलुपे बिघडली आहेत. कुलुपे दुरुस्त करणारे कोणी हे भाषण ऐकत असतील, तर त्यांनी शनिवारी दुपारी ओसरीवर यावे. चहा तिथे असतोच.

नमस्कार.