सेल काढल्याने लॅपटॉप पुसला जात नाही

मित्रहो, कंपनीचा लॅपटॉप परत देण्याआधी त्यातली माहिती कुठल्या क्रमाने पुसावी, हे सांगायचं मी कबूल केलंय. पण आधी एका हट्टी समजुतीचा निकाल लावू द्या. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढा, दहा मिनिटं थांबा, की बायोसमधलं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममधलं, सगळं गेलं! लोक एवढं करतात आणि निर्धास्त होतात.

जुन्या यंत्रांत यात तथ्य होतं. तेव्हा सेटिंग आणि पासवर्ड सेलच्या विजेवर टिकणाऱ्या सीमॉस रॅममध्ये असत. आजच्या बिझनेस लॅपटॉपमध्ये सेलवर मुख्यतः घड्याळ चालतं. बाकीचं फर्मवेअरसोबत (बायोस त्यातलाच) एसपीआय फ्लॅशच्या चिपमध्ये असतं, बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइटच्या, आणि फ्लॅशला टिकायला वीज लागतच नाही. सेल महिनाभर काढून ठेवा. बायोसची सेटिंग बदलायला लागणारा सुपरवायझर पासवर्ड, बूटच्या नोंदी, ॲसेट टॅगमध्ये (मालमत्तेच्या नोंदीच्या रकान्यात) भरलेलं तुमचं नाव, सगळं जिथल्या तिथे. उलट तारीख मागे जाते आणि वेबसाइटची प्रमाणपत्रं नाकारली जातात. उघडताना रिबन केबल तुटली तर ते नुकसान वेगळंच.

शिवाय माहिती धरून ठेवणारी ती एकटीच चिप नाही. बोटांचे ठसे चिपवरच जुळवणारा सेन्सर असेल, तर ते त्याच्याच मेमरीत असतात. विंडोज पुन्हा टाकलं तरी तिथे राहू शकतात. सिमच्या मॉडेमला, टीपीएमला (गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा-चिपला) आपापली मेमरी असते. डेल ‘स्टेटमेंट ऑफ व्होलॅटिलिटी’ नावाचा कागद देते, एचपीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असंच प्रकरण असतं. कुठल्या चिपमधलं वीज गेल्यावर राहतं, कशाने पुसतं, ते तिथे वाचा. हा कागद फार कमी लोक उघडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा क्रम भराभर सांगतो.

आयटी विभागाची परवानगी पहिली. लॅपटॉप कंपनीच्या ताब्यात जोडणाऱ्या ऑटोपायलटची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते, ती त्यांनीच काढायची. मग विंडोज चालू असतानाच ठसे आणि ई-सिम प्रोफाइल काढा, खात्यांतून साइन आउट करा.

आता डिस्क. एसएसडीवर शून्यं लिहून भागत नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून कंट्रोलर नवं लिखाण दुसऱ्याच पेशींत टाकतो, आणि राखीव जागेला बाहेरून हात लागत नाही. म्हणून आज्ञा ड्राइव्हलाच द्यायची: एनव्हीएमई असेल तर सॅनिटाइझ, साटा असेल तर सिक्युअर इरेज (एनव्हीएमई आणि साटा हे ड्राइव्ह जोडण्याचे दोन प्रकार). ‘फ्रोझन’, म्हणजे आज्ञा अडवलीय, असं उत्तर आलं, तर लॅपटॉप स्लीपमध्ये घालून उठवा, बहुतेकदा सुटतं. सॅनिटाइझ सुरू झालं की वीज तोडूनही थांबत नाही, वीज आल्यावर ड्राइव्ह ते पुढे चालू करते. संपल्यावर सॅनिटाइझ लॉगमध्ये यशस्वी झाल्याची नोंद पाहाच.

नंतर टीपीएम क्लिअर. रीस्टार्टला स्क्रीनवर संमती मागितली तर द्या. बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की खात्यात उरलेली असू शकते, म्हणून नुसतं टीपीएम पुसून डिस्कचं काम झालं असं धरू नका. इंटेल एएमटी (आयटी विभागाला लॅपटॉप दुरून हाताळू देणारी सोय) चालू केलेलं असेल तर ते अनकॉन्फिगर करा.

शेवटी बायोस. ॲसेट टॅग आणि वाय-फाय प्रोफाइल हाताने रिकामे करा, मग डिफॉल्ट्स लोड करा. डिफॉल्ट्सने पासवर्ड सहसा जात नाहीत. सुपरवायझर पासवर्ड माहीत असतानाच स्वतः काढा. तो विसरला तर कित्येक मॉडेलांत मदरबोर्डच बदलावा लागतो.