उघाडी

[दृश्य: वाशीची खाडी, पहाटेची ओहोटी. ओल्या चिखलावर निवट्या मासे उड्या मारतायत.]

ओहोटी लागली की नवी मुंबईतल्या वाशीच्या मिनी सीशोअरवर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. फिरायला आलेली, आणि मांडीएवढ्या चिखलात उतरून चिंबोऱ्या शोधणारी. मधे एक बांध. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला तलाव. फिरणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतील, छान लेक आहे.

लेक नाही हो. हा धारण तलाव आहे, आणि तो शोभेसाठी खणलेला नाही.

17 मार्च 1970 ला नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली तेव्हा या पट्ट्यात खाजणं होती, मिठागरं होती, भातखाचरं होती. खाडीकाठची बरीचशी जमीन उधाणाच्या पातळीखालची. ती सगळी भरतीच्या वर उचलायची तर केवढा भराव लागला असता! म्हणून नियोजनकारांनी भराव बेताचा ठेवला आणि पाण्यालाच जागा राखून दिली. पारसिकच्या डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात उतरतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा, वरून बिजागरीवर टांगलेल्या. भरती चढली की खाडीच्याच दाबानं झडप मिटते. पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की तेच पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. मूळ रचना एवढीच. मोटर नाही, बटण नाही.

याला हॉलंडचं तंत्र म्हणतात. म्हणोत बापडे. पण खार जमिनीत भात पिकवणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. बांधातल्या असल्या दाराला तो उघाडी म्हणतो. आगरी बोलीत, उघारी. फरक असलाच तर राखणीचा. उघाडीत ओंडका अडकला तर कुणाचं तरी शेत खारं व्हायचं, त्यामुळे ज्याचं शेत त्याची नजर तिथे. झडपेवर कुणाचं शेत अवलंबून नाही.

[दृश्य: झडप, अगदी जवळून.]

ही फट पाहा. वीतभर असेल. अडकलंय काय? निर्माल्याची पिशवी, थर्माकोल, एक नारळ. एवढ्या फटीतून दिवसाला दोन भरत्या आत येतात. येताना गाळ आणतात, आणि पावसाळ्यात तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, बियाही आणतात. बी गाळावर टेकतं, मूळ धरतं. रोपाची मुळं आणखी गाळ धरतात. वरून डोंगरातल्या खाणींची, भरावांची माती नाल्यांतून येतेच. काही वर्षांत तलावात पाणी कमी आणि जंगल जास्त.

मग भांडण सुरू होतं. शेजारच्या सोसायट्या म्हणतात, गाळ काढा, नाहीतर साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दुपारी आला की पाणी आमच्या पार्किंगमध्ये येतं. निसर्गप्रेमी म्हणतात, खारफुटीला हात लावाल तर याद राखा. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. सार्वजनिक कामासाठीही तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि दोघीही गाळाकडे निव्वळ माती म्हणून बघतात. आमचं म्हणणं इथे सुरू होतं.

[दृश्य: चिखलात पाइप खुपसणारे हात.]

संशोधक असा पोकळ पाइप गाळात उभा दाबतात आणि अलगद वर काढतात. आतला गाळ मुळ्यासारखा अख्खा बाहेर येतो. वर तपकिरी पातळ थर, त्याखाली काळाकुट्ट. वास कुजक्या अंड्याचा. सुरीनं त्याच्या चकत्या करायच्या. शिसे-210 हे शिशाचं किरणोत्सारी रूप साधारण 22 वर्षांत निम्मं होतं. कुठल्या चकतीत ते किती उरलंय यावरून थराचं वय काढता येतं. आणि प्रत्येक चकतीत जस्त, तांबं, पारा किती, तेही मोजता येतं.

हे मोजायलाच हवं, कारण औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी स्थापन झाली 1962 मध्ये, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिल्यावर बरीच वर्षं नाल्यांतून काय काय वाहिलं ते खाडीनं साठवून ठेवलंय. सुमारे 26 किलोमीटरची ही ठाणे खाडी ठाणे शहराकडे अगदी चिंचोळी होत उल्हास नदीला भिडते. त्या बाजूला पाणी फारसं खेळत नाही. आलेला गाळ बसतो.

तो काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा. प्राणवायू नसलेल्या या थरात जड धातू सल्फाइडशी घट्ट बांधले जातात, म्हणजे बऱ्याच अंशी निजलेले असतात. पाऱ्याचं मात्र वेगळं; इथलेच जिवाणू त्यातला काही मिथाइल पारा करून माशांच्या वाटेला लावतात. आणि पोकलेन लावून हा थर उन्हात पसरला, की हवा लागते, आम्ल तयार होतं, निजलेले धातू सुटे होतात. पहिल्या पावसात पुन्हा खाडीत. साफसफाई झाली म्हणून फोटो छापून येतो, आणि चिंबोरी पकडणारा त्याच पाण्यात उतरतो.

म्हणून आधी पाइप, मग पोकलेन. ज्या तलावाचा गाळ स्वच्छ निघेल तिथे खुशाल उपसा. जिथे धातू सापडतील तिथे तिवरांना थर धरून बसू दे, आणि पाण्याची जागा दुसरीकडे वाढवा. नाला तलावात शिरण्याआधी माती अडवणारा खड्डा ठेवा. तो दर वर्षी उपसणं सोपं. आणि तलावाच्या काठाकडे मोकळा प्लॉट म्हणून बघणाऱ्यांना नकाशा दाखवा. त्यावर निळ्या रंगात जागा राखली आहे ती पावसासाठी.

[दृश्य: पाणी चढतंय. चिंबोरीवाला बांधावर चढून पाय धुतो.]

तो खाली वाकून नारळ ओढून काढतो. पिशवी फाटते, अर्धी हातात येते. पाणी झडपेला टेकतं. झडप हलते, थोडी मिटते.

थर्माकोल अजून आतच आहे.